एक कप मैदा म्हणजे अडीचशे ग्रॅम नव्हे!

आज परत तेच. बिनअंड्याच्या चॉकलेट केकची पाककृती, आणि साहित्यात ठसठशीत लिहिलंय: "मैदा 2 कप (500 ग्रॅम)". अहो, कप 250 मिलीचा आहे, कबूल. पण जितके मिली तितके ग्रॅम हा हिशोब पाण्याचा, मैद्याचा नाही! मैदा चमच्याने हलकेच कपात भरला आणि वरून सुरी फिरवून सपाट केला, तर त्या कपात 125 ते 130 ग्रॅम बसतो. म्हणजे दोन कपांचे जेमतेम 260. ज्याने पदरचे पैसे घालून वजनकाटा आणला, जो ग्रॅम न् ग्रॅम मोजतो, नेमका त्याच्याच केकात मैदा दुप्पट जाणार. दूध मात्र तेच एक कप, तेल तेच अर्धा कप. मिश्रण धारेने पडायचं सोडून कणकेसारखा गोळा होणार. मग हा अंदाजाने दूध ओतणार, फेटत बसणार, फेटून फेटून ग्लूटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) वाढणार आणि ओव्हनमधून मधोमध तडकलेली चिवट वीट निघणार. वर पाककृती लिहिणारा त्यालाच ऐकवणार, "तुमचा खायचा सोडा जुना असेल."

पुढची ओळ तर आणखी भयंकर: "कोको अर्धा कप (125 ग्रॅम)". अर्ध्या कपात कोको 45 ग्रॅमच्या आसपास मावतो. कोकोचा भाव माहीत आहे ना? जवळजवळ तिप्पट कोको घालून कडूजहर केक खायचा कुणी?

साखरेचाही असाच घोळ. दाणेदार साखर कपाला 200 ग्रॅम, पिठीसाखर 120. "1 कप साखर दळून" आणि "1 कप पिठीसाखर" यांत 80 ग्रॅमचा फरक आहे. नानकटाईत तेवढी साखर जास्त पडली की ती ट्रेमध्ये पसरलीच. "चाळलेला 1 कप मैदा" आणि "1 कप मैदा, चाळून" हेही एक नव्हे. पहिला आधी चाळून मग मोजायचा, तो हलका भरतो. डब्यात कप खुपसून काढलेला मैदा तर 150 ग्रॅमपर्यंत जातो. तूप थिजलेलं की पातळ, ते लिहायचे कष्टही कुणी घेत नाही.

बरं, कप तरी कुठला? अमेरिकेचा 237 मिली, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून 20 मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी 15. आणि आपल्याकडे "वाटी"! सगळंच एका वाटीने मोजलं तर प्रमाण जमतं, पण मध्येच 400 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा आला की वाटीचा आकार सांगावाच लागतो.

उलटं टोकही आहेच: "सोडा 3 ग्रॅम". घरचा काटा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो, चिमटीने टाकलेला सोडा त्याला कळतसुद्धा नाही. तिथे सपाट अर्धा टीस्पूनच लिहा.

बाकी सगळं काट्यावर ठेवून लिहा. भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा, मैदा घाला, परत शून्य, मग साखर. धुवायला भांडंही एकच पडतं. आणि ते 500 आधी खोडून 250 करा. आजच करा, रविवारी कुणीतरी तो केक करायला घेणार आहे.