दहा हजार पावलं आणि तेलाचा डबा

"हे काढून टाक बाबा फोनमधनं, मला न्हाई जमत" असं म्हणून बापूंनी फोन पिंट्याच्या हातात दिला आणि तिथनं जे पेटलं ते रंकाळ्यावर दिवे लागले तरी विझायला तयार नाही. बापू सत्तरीच्या पुढचे, शुगर आहे, गुडघे दुखतात. मुलगा पुण्याला असतो, त्यानं गेल्या खेपेला पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं आणि टार्गेट लावलं दहा हजार. बापू बिचारे रोज येतात, कट्ट्याच्या कडेनं रमतगमत चालतात, पण ॲप रोज रात्री सांगतंय की अजून निम्मं पण झालं नाही. रोज नापास म्हणून कोण कशाला परीक्षेला बसेल, त्यांना वाटायला लागलं आपण चालतोय ते फुकटच आहे, आणि चालणंच कमी झालं. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं कारण जो माणूस आपण होऊन चालत होता त्यालाच ॲपनं बसवलं.

पिंट्या म्हणाला, "बापू, टार्गेट बदलता येतंय की, सेटिंगमध्ये असतंय." पिंट्या आयटीत, घरनंच काम, आणि तो ॲपवाला पक्का आहे, सकाळच्या चहापासनं सगळं लिहितो आणि त्याचं वजन उतरलंय हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मास्तर (शाळेत पीटी शिकवायचे, आता रिटायर, लहानपण तालमीत गेलेलं) म्हणाले, "पण दहा हजारच का? ठरवलं कुणी?"

हे मी वाचलेलं होतं म्हणून सांगितलं. 1964 ला टोकियोत ऑलिंपिक झालं, व्यायामाचं वारं होतं, आणि 1965 ला जपानमधल्या यामासा कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र दहा हजार पावलांचं मीटर म्हणून बाजारात आणलं. आकडा लक्षात राहायला सोपा, तो चिकटला आणि आज जगभरच्या फोनात बसलाय. कुठल्या डॉक्टरनं म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करून काढलेला तो आकडा नव्हता. अभ्यास नंतर झाले. 2019 ला अमेरिकेत आय-मिन ली यांच्या टीमनं साधारण 72 वर्षं सरासरी वयाच्या सोळा हजारांवर बायकांची पावलं मोजली, तर दिवसाला 2,700 चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढं जास्तीचा फायदा काही दिसला नाही.

मास्तरांनी लगेच पकडलं, "पण ज्याला आधीच बरं नाही तो कमीच चालणार की, मग चालण्यानं जगले का धडधाकट होते म्हणून चालले?" हा मुद्दा एकदम बरोबर आहे, असल्या अभ्यासातनं कारण आणि परिणाम शंभर टक्के वेगळा काढता येत नाही. तरी बापूंसाठी जे महत्त्वाचं ते राहतंच, की खुर्चीतनं उठून थोडं चालणाऱ्यालाच सगळ्यात जास्त मिळतंय, दहा हजाराची पायरी चढायची गरज नाही. पिंट्यानं तिथंच त्यांचं टार्गेट चार हजार केलं. बापू म्हणाले, "एवढं तर मी करतोयच की रं." तेच तर आम्ही सांगत होतो.

मग गाडी खाण्यावर आली. मास्तर म्हणाले चालणं मोजशील पण मिसळ कशी मोजणार, ॲपमध्ये लिहिलंय एक प्लेट मिसळ, आता कुठली प्लेट? एका ठिकाणी कट वरनं नुसता दाखवायला असतोय, दुसरीकडं तर्रीचा थर बोटभर, पाव दोन खाल्ले का चार. आणि भाकरी? मिडियम साइज एक भाकरी असं विचारतंय, आमच्या घरची भाकरी परातीएवढी. पिंट्या म्हणतो, "अंदाजे आकडा आला तरी चालतंय मास्तर, लिहायला लागतंय म्हणून माणूस दुसरी प्लेट मागवायच्या आधी थांबतोय." हे मला पटलं. आकडा चुकला तरी लिहिण्यानं हात थांबतो हे खरं आहे. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 ला जे तक्ते काढले त्यात 528 पदार्थ आहेत आणि ते धान्य, भाजी, डाळ, मासे असले कच्चे जिन्नस. शिजवताना कुणाच्या घरी किती तेल पडलं हे कुठल्याही तक्त्यात असू शकत नाही, आणि आपल्या जेवणात खरा फरक तर तिथंच पडतोय.

एवढ्यात आशाताई आल्या. ताई आमच्या भागात आशा स्वयंसेविका म्हणून काम करतात, घरोघर फिरून तिशीच्या पुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, घरात कुणाला शुगर बीपी आहे का, आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल होते का, आणि कमरेचा घेर. चार च्या वर मार्क आले की तपासणीला पाठवायचं. ताईंनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा फोन खिशात असतोय म्हणून तुमची पावलं मोजली जात्यात. ज्या घरात मी जाते तिथं बाईचा फोन एकतर नवऱ्याकडं नाहीतर फ्रिजवर चार्जिंगला. साडीला खिसा नाही. आणि पिंट्या, तू जे लिहितोस ते शिजवतंय कोण?"

पिंट्या गप्प झाला, पण जरा वेळच. त्यानं म्हणलं ताई, 2024 ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या डॉक्टरी मासिकात आलंय, भारतात निम्मी मोठी माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, बायकांच्यात 57 टक्के आणि पुरुषांच्यात 42, आणि ते फोनवरनं मोजलेलं नाही, लोकांना विचारून केलेल्या सर्व्हेंवरनं काढलेलं आणि त्यात घरकामही धरलंय. मला वाटलं ताई आता चिडणार. ताई म्हणाल्या, "मग बरोबरच आहे. ओट्यापुढं चार तास उभं राहिलं की पाय सुजत्यात, दम कुठं लागतोय? बाई दमते पण व्यायाम होत नाही. तिला संध्याकाळी अर्धा तास बाहेर पडायला मिळालं पाहिजे आणि तो अर्धा तास घरातल्या कुणीतरी स्वयंपाक सांभाळला पाहिजे. हे कुठलं ॲप सांगतंय?"

माझ्या मते सगळ्या चर्चेत हेच सगळ्यात खरं होतं. ॲप एका माणसाच्या फोनात आहे आणि खाणं सगळ्या घराचं आहे. एकट्यानं कॅलरी मोजत बसायचं आणि कढईत तेल दुसऱ्यानंच ओतायचं, हे कसं टिकणार.

मग मी हिशोब मांडला. पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. चार माणसांच्या घरात दिवसाला 108 ग्रॅम, म्हणजे पाच लिटरचा डबा साधारण 42 दिवस गेला पाहिजे, आणि तूप-लोणी वेगळं खात असाल तर त्याच्याही पुढं. डब्यावर फोडल्याची तारीख पेनानं लिहायची, बस. बापू म्हणाले आमच्यात महिना पण जात नाही, घरात माणसं तीन. मास्तर म्हणाले वडे, भजी, पाहुणे, सण, सगळं त्यातच येतंय की. पण म्हणूनच तर हा आकडा खरा, त्यात कुणी काही लपवू शकत नाही, ॲपमध्ये भजी लिहायचं विसरता येतंय, डबा विसरत नाही.

पिंट्याला हे आवडलं पण तो म्हणाला तुम्ही मोबाईलला उगाच नावं ठेवताय, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमचा अभ्यास वाचा, 2013 ला आलाय. शुगरच्या उंबरठ्यावर असलेले 537 नोकरदार पुरुष घेतले, सल्ला सगळ्यांनाच दिला, पण निम्म्यांना खाण्याबद्दल व्यायामाबद्दल नियमित साधे एसएमएस पाठवले. दोन वर्षांनी एसएमएसवाल्यांच्यात 18 टक्क्यांना डायबेटिस झाला, दुसऱ्यांच्यात 27 टक्क्यांना. "स्मार्टफोन पण लागला नाही," पिंट्या म्हणाला, "नुसती आठवण."

मास्तर म्हणाले मग तो पट्टा हाताला बांधणाऱ्यांचं काय झालं सांग की. ते पण माहीत होतं पिंट्याला, प्रामाणिक पोरगं आहे, त्यानं सांगितलं. अमेरिकेत पिट्सबर्गला 471 तरुण पोरापोरींवर केलेला अभ्यास, 2016 चा. आहार, व्यायाम, समुपदेशन सगळ्यांना, त्यातल्या निम्म्यांना वरनं हातात घालायचं यंत्र. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन साडेतीन किलो उतरलेलं आणि बिनयंत्रवाल्यांचं 5.9 किलो. मास्तर म्हणाले, "बघ. तालमीत पोरगं दोन दिवस आलं नाही की वस्ताद घरी माणूस धाडतोय. पोरगं माणसाला घाबरतंय, माणसाच्या शब्दाला जागतंय. यंत्राला कोण जागतंय?" पिंट्या म्हणाला एसएमएस पण माणूस नव्हता मास्तर. आणि हे काही शेवटपर्यंत सुटलं नाही. मला वाटतं ते एसएमएसवाले पुरुष आधी डॉक्टरांना भेटलेले होते, मेसेज आला की मागं कुणीतरी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण हा माझा अंदाज.

एक गोष्ट मात्र ताईंनी सगळ्यांना ऐकवली, पिंट्याला जास्त. त्याचं ॲप बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, हिरवा दाखवतंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे एक डॉक्टर यांचा फोटो 2004 ला लॅन्सेटमध्ये आलेला, दोघांचा बीएमआय तंतोतंत 22.3, पण अंगातली चरबी एकाची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणजे आपल्याकडं माणूस दिसतो बारीक आणि चरबी आत पोटात. ताईंनी पिशवीतनं टेप काढला. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80, त्याच्या वर गेलं की फॉर्मवर मार्क चढायला लागतात. पिंट्याचा घेर 93 निघाला. त्यानं लगेच फोनात लिहून ठेवला, आणि तपासणीला कधी यायचं ते पण विचारलं.

जाताना पिंट्यानं आणखी एक विषय काढला, सिंगापूर सरकार 2015 पासनं पावलांवर व्हाउचर देतंय, आपल्या महापालिकेनं घरफाळ्यात थोडी सूट दिली तर काय बिघडतंय. मास्तर म्हणाले लोकं फोन पंख्याला बांधतील. ताई म्हणाल्या सूट राहू दे, आधी गल्लीतला फुटपाथ मोकळा करून रात्री आठनंतर दिवे चालू ठेवा, बायका आपण होऊन बाहेर पडतील, आणि बापू म्हणाले त्यासाठी सह्यांचा कागद करा, पहिली सही माझी.