मॅक्बेथचा इतिहास शेक्सपिअरने बिघडवला काय?

शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकात मॅक्बेथ हा सरदार स्कॉटलंडचा राजा डंकन याचा खून करून गादी बळकावतो. खरा मॅक्बेथ हा प्रजेचा लाडका आणि न्यायी राजा होता, डंकनचा खून त्याने केलाच नव्हता, आणि इंग्लंडच्या गादीवर नुकत्याच बसलेल्या जेम्स राजाची मर्जी राखण्यासाठी शेक्सपिअरने इतिहासाची मोडतोड करून त्याला खुनी ठरवले, असा मजकूर गेली काही वर्षे सारखा फिरतो आहे. त्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तो तपासून न पाहता पुढे पाठवला जातो.

पहिला आरोप मोडतोडीचा. नाटक साधारण 1606 चे, आणि त्याचा मुख्य आधार राफेल हॉलिनशेडची बखर, जिची दुसरी आवृत्ती 1587 मध्ये निघाली. हॉलिनशेडने स्कॉटलंडची हकीकत बरीचशी स्कॉटिश इतिहासकार हेक्टर बोईसच्या 1527 मधील लॅटिन इतिहासावरून घेतली होती. नाटकात मॅक्बेथचा साथीदार असलेला बँको मॅक्बेथच्या काळातल्या, म्हणजे अकराव्या शतकातल्या, कोणत्याही नोंदीत नाही. तो प्रथम बोईसच्या पानांवर अवतरतो. वाटेत भेटून भविष्य सांगणाऱ्या तिघी स्त्रियाही हॉलिनशेडमध्ये तयारच होत्या. म्हणजे हा इतिहास बिघडला तो शेक्सपिअरच्या जन्माच्या, अर्थात 1564 च्या, कितीतरी आधी.

शेक्सपिअरने स्वतः काय केले, हे पाहण्यासाठी मात्र तीच बखर थोडी मागे उलटावी लागते. तेथे डफ नावाच्या दुसऱ्याच एका राजाची गोष्ट आहे. डॉनवाल्ड हा त्याचा विश्वासू सरदार. राजा त्याच्या ताब्यातल्या किल्ल्यात मुक्कामाला असताना बायकोच्या चिथावणीने तो त्याचा काटा काढायचे ठरवतो. शयनगृहाच्या पहारेकऱ्यांना भरपूर दारू पाजली जाते, राजा झोपेत मारला जातो, आणि सकाळी डॉनवाल्ड संतापाचे सोंग करून त्या पहारेकऱ्यांनाच ठार करतो. पुढे घोडे एकमेकांचे मांस खातात आणि घुबड ससाण्याला मारते, हेसुद्धा तिथलेच. डंकनच्या खुनाचा सगळा प्रसंग शेक्सपिअरने येथून उचलून मॅक्बेथच्या घरात आणला. ही इतिहासाशी घेतलेली मोकळीक आहे खरी. पण नाटकातला सर्वांत भयंकर भाग तिच्यातूनच उभा राहिला आहे, आणि जेम्सच्या खुशामतीशी तिचा काडीचाही संबंध नाही.

आता ‘खून केलाच नव्हता’ या विधानाकडे वळू. त्याच काळात हयात असलेला आयरिश भिक्षू मारियानस स्कॉटस स्पष्ट लिहितो की डंकनला त्याचाच सेनानी मॅक्बेथ याने 1040 मध्ये मारले. नाटकात खोटे आहे ते डंकनचे म्हातारपण आणि अंथरुणात झोपेत झालेला त्याचा खून. आयरिश नोंदींप्रमाणे डंकन तरुण वयात गेला, आणि सैन्य घेऊन उत्तरेकडच्या मरे प्रांतात उतरला असताना एल्गिनजवळ लढाईत पडला, असे इतिहासकार सामान्यतः मानतात.

लाडका आणि न्यायी राजा? मॅक्बेथने सतरा वर्षे राज्य केले, पत्नी ग्रूख हिच्यासह लॉख लेव्हनच्या धर्मसंघाला जमीन दिली, 1050 मध्ये रोमला जाऊन गरिबांना बियाणे पेरावे तसा पैसा वाटला. या नोंदी विश्वसनीय आहेत. मात्र त्याच्याच राजवटीत 1045 मध्ये डंकनचे वडील क्रिनान लढाईत मारले गेले, 1054 मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रियाचा उमराव सिवर्ड याने स्वारी करून मॅक्बेथचा पराभव केला, आणि 1057 मध्ये लम्फनन येथे डंकनचा मुलगा माल्कम याच्या हातून त्याचा अंत झाला. त्या काळच्या मानाने तो समर्थ राजा होता, एवढे म्हणता येते. प्रजेचे प्रेम आणि न्यायीपणा हे फिरत्या मजकुराने पदरचे घातले आहे.

उरला खुशामतीचा आरोप, आणि येथे काही गोष्टी मान्यच केल्या पाहिजेत. जेम्सचे स्टुअर्ट घराणे स्वतःला बँकोचे वंशज म्हणवीत असे. हॉलिनशेडचा बँको कटात सामील आहे. शेक्सपिअरचा बँको निर्दोष आहे, आणि त्याच्या वंशातल्या आठ राजांची रांग रंगमंचावरून जाते. राजाला सुखावण्यासाठीच हे केले असणार. पण केवळ राजाची मर्जी सांभाळायची असती, तर मॅक्बेथला निखळ दुष्ट ठेवणे सर्वांत सोपे होते. शेक्सपिअरचा मॅक्बेथ खुनाआधी स्वतःला बजावतो की हा माझा आप्त आहे, राजा आहे, आणि आज माझ्या घरचा पाहुणा आहे. आपल्याला पुढे रेटणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे महत्त्वाकांक्षा, हेही तो स्वतःच कबूल करतो. बखरीतला मॅक्बेथ खुनानंतर दहा वर्षे उत्तम कारभार करतो. नाटकात ती दहा वर्षे गाळल्यामुळे खुनानंतर त्याला एक रात्रही सुखाची मिळत नाही. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या रूपांतरातून हे नाटक मराठीत आणले, तेव्हा समोर बसलेल्या प्रेक्षकांना स्टुअर्टांच्या वंशावळीशी काहीच देणेघेणे नव्हते.