राजपुत्र व्हा, उधारीवर!

हौस राजाची आणि मिळकत कारकुनाची, अशी तुमची कुतरओढ होत असेल, तर काटकसरीचे सल्ले देणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. तुम्ही गिरवावा असा कित्ता वेगळाच आहे : जर्मन राजपुत्र हेर्मान फोन प्युक्लर-मुस्काऊ, जन्म १७८५, मृत्यू १८७१. पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात या गृहस्थानं अंथरुणाकडे एकदाही पाहिलं नाही.

सुरुवात जन्मापासून करायची, आणि तो जहागिरीतच घ्यायचा. मुस्काऊची जहागीर प्युक्लरच्या आईच्या माहेरची. त्याच्या जन्माच्या वेळी ही आई जेमतेम पंधरा वर्षांची होती. नवराबायकोचं पटलं नाही, यथावकाश काडीमोड झाला, आणि पोराची रवानगी मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या कडक शाळेत झाली. तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. लाइपझिगला कायद्याचं शिक्षण सुरू केलं ते अर्ध्यावर सोडलं. मग ड्रेस्डेनच्या शाही रक्षकदलात शिरून घोडे, जुगार आणि उधारी या विषयांत तो पारंगत झाला. लोक त्याला ‘खुळा प्युक्लर’ म्हणू लागले. तुम्हालाही असं काही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. शहाण्याकडे सावकार तारण मागतो. खुळ्या सरदाराकडे ते मागायला त्याचीच जीभ रेटत नाही.

१८११ मध्ये वडील वारले आणि जहागीर हाती आली. आता कर्ज फेडायचं? छे! फेडलेलं कर्ज कुणाला दिसत नाही. बाग दिसते. मे १८१५ मध्ये त्यानं मुस्काऊच्या रहिवाशांना जाहीर पत्र काढून कळवलं, की आपण इथे मोठं उद्यान उभारणार असून त्यासाठी जमिनी लागणार आहेत. त्याच साली व्हिएन्नाच्या परिषदेत हा मुलूख सॅक्सनीकडून प्रशियाकडे, म्हणजे एका जर्मन राज्याकडून दुसऱ्याकडे गेला. राजा बदलला, जुने हक्क गेले, आराखडा तेवढा कायम राहिला. नाइसे नदी होती तिथे बरी वाहत होती, पण वाड्याजवळून वाहत नव्हती. म्हणून तिचा एक फाटा खणून आणला. रोपटं लावून पाणी घालत बसणं हे माळ्याचं काम. राजपुत्रानं चांगली वाढलेली झाडं मुळांच्या गड्ड्यासकट उपटून, खास बनवलेल्या गाड्यांवर लादून आणावीत. सावली ताबडतोब मिळते, बिल मागाहून येतं.

मधल्या काळात प्रशियाच्या राजधानीकडे, बर्लिनकडे, दुर्लक्ष नको. लोकांच्या तोंडी नाव सतत राहायला हवं. १८१६ मध्ये प्युक्लर बलूनमध्ये बसून उडाला आणि उतरताना झाडात अडकला. चार हरणं जुंपलेल्या गाडीतून तो बर्लिनच्या मुख्य रस्त्यावरून निघायचा, आणि उपाहारगृहासमोर गाडी थांबवून जणू आपल्याला कुणी बघतच नाहीये अशा थाटात पुस्तक वाचत बसायचा, असं सांगतात. पुस्तक कोणतं, हे विचारायचं भान कुणाला राहणार?

आता विवाह. इथे नीट लक्ष द्या, कारण घराण्याचा सगळा जमाखर्च याच पानावर आहे. वधू पाहताना आधी सासरा पाहावा. प्युक्लरनं १८१७ मध्ये लुसीशी लग्न केलं. वयानं ती नऊ वर्षांनी मोठी, आधीच्या नवऱ्यापासून विभक्त. पण वडील कार्ल आउगुस्ट फोन हार्डेनबर्ग, प्रशियाचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख! लुसीच्या घरात तिची सख्खी मुलगी होती आणि हेल्मिने नावाची एक देखणी मानसकन्याही होती, आणि नवरदेवाचं चित्त बराच काळ त्या मानसकन्येवरच होतं. लुसीनं तेही निभावून नेलं. तिलाही बागेचं तितकंच वेड होतं, हे तिचं दुर्दैव म्हणा किंवा त्याचं नशीब. तिचा पैसा टेकड्या, तळी आणि पुलांवर जिरला. १८२२ मध्ये राजानं जावईबापूंना ‘फ्यूर्स्ट’ केलं, म्हणजे काउंटचा राजपुत्र झाला. त्याच वर्षी सासरे वारले आणि मोठ्या वारशाची आशाही गेली. किताब आला, पैसा आटला.

सामान्य माणूस इथे खर्च कमी करतो. या जोडप्यानं घटस्फोट घेतला.

गैरसमज नको. भांडण नाही, तंटा नाही, उलट प्रेम उतू चाललेलं. हिशेब सरळ होता : नवरा मोकळा झाला की इंग्लंडला जाईल, तिथल्या एखाद्या धनाढ्याची लेक पटवील, हुंडा घेऊन येईल, आणि मग मुस्काऊत बाग, नवी बायको आणि जुनी बायको असे सगळे गुण्यागोविंदानं नांदतील. १८२६ मध्ये कागद झाले आणि राजपुत्र वधूसंशोधनाला निघाला. वाटेत वायमारला जर्मन महाकवी गटेची भेटही उरकली. मोठ्यांचा आशीर्वाद असलेला बरा.

इंग्लंडात जवळपास अडीच वर्षं उमरावांच्या मेजवान्या, घोड्यांच्या शर्यती आणि दुसऱ्यांच्या बागा बघण्यात गेली. रात्री परतल्यावर तो लुसीला पत्र लिहायला बसे. लाडानं तिला ‘श्नुके’ म्हणे, स्वतःची सही ‘लू’ अशी करी, आणि आज कोणती उपवर मुलगी पाहिली, तिच्यामागे किती पौंड आहेत, दिसायला कशी आहे, हे इत्थंभूत कळवी. स्थळांचा असा अहवाल पहिल्या बायकोला पाठवायला छाती लागते; तो वाचून सल्ला द्यायला त्याहून मोठी लागते. तुमच्या घरी असा योग असेल तर बघा. नसेल तर हा परिच्छेद घरात मोठ्यानं वाचू नका.

इंग्रज मात्र अगदीच अरसिक निघाले. पहिली बायको हयात, तिच्याशी रोजचा पत्रव्यवहार, आणि नवरदेव म्हणतो मी सडा आहे! वर्तमानपत्रांना वास लागला, त्यांनी प्युक्लरचा ‘प्रिन्स पिकल’, म्हणजे लोणच्याचा राजपुत्र, करून टाकला, आणि वधूपित्यांनी दारं लावून घेतली. त्यात यानं स्वतःच घोटाळा करून ठेवला : हुंड्याच्या शोधात असताना हेन्रिएटे झोंटाग या गायिकेच्या प्रेमात पडला. तिनं नकार दिला. पुढे त्यानं आपल्या बागेत तिचा सोनेरी अर्धपुतळा बसवला. नकाराचंही स्मारक करावं आणि तेही उधारीवर, ही खानदानी रीत.

१८२९ मध्ये राजपुत्र बायकोविना परतला. पहिलीच्याच घरी. ती पंचवीस वर्षांनी वारली तोवर घटस्फोट तसाच आणि संसारही तसाच. पण तिनं एक काम चोख केलं होतं, त्याची सगळी पत्रं जपून ठेवली होती. त्यांतून ‘एका मृताची पत्रं’ या नावानं, लेखकाचं नाव न घालता, १८३० आणि १८३१ मध्ये पुस्तक निघालं. गटेनं कौतुक केलं, युरोपभर खप झाला, इंग्रजी भाषांतरही निघालं, म्हणजे ज्यांनी मुलगी दिली नाही त्यांनीच पैसे देऊन तिच्याबद्दलचा शेरा वाचला. तेव्हा पत्रं बायकोलाच लिहा. प्रेयसी जाळून टाकतात.

त्या पैशावर तो १८३५ पासून अल्जीरिया, ट्युनिशिया, इजिप्त, सुदान, लेबनॉन असा पाच वर्षं हिंडला. मागे जहागीर आणि सावकार, दोन्ही सांभाळायला लुसी होतीच. इजिप्तचा सत्ताधीश मेहमेत अली यानं पाहुणचार केला. १८३७ मध्ये कैरोत त्यानं गुलामांच्या बाजारात एक मुलगी विकत घेतली. माखबुबा म्हणत तिला. मूळची इथिओपियाकडची ओरोमो, वयानं पोरच. आपण तिला कसं शिकवलं, ती किती हुशार, हे तो कौतुकानं लिहितो. किंमत मोजली होती हेही लपवत नाही. १८४० मध्ये तो तिला मुस्काऊला घेऊन आला. लुसी यावेळी मात्र तिच्या येण्यावरून अडून बसली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही चुकीच्या माणसासमोर. ऑक्टोबरच्या अखेरीस माखबुबा क्षयानं मेली. राजपुत्र तेव्हा बर्लिनला लुसीजवळ होता. या भागासाठी माझ्याकडे सल्ला नाही. प्युक्लरचे चाहते हा भाग ‘हळवं प्रेमप्रकरण’ म्हणून सांगतात, तुम्हीही चाहते असाल तर तसं सांगा.

१८४५ मध्ये मुस्काऊ विकावं लागलं. तीस वर्षांची बाग गेली. हल्ली तिच्यातून जर्मनी आणि पोलंडची सरहद्द जाते आणि २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. विकून हातात रक्कम येताच शहाण्या माणसानं काय करावं? साठीच्या उंबरठ्यावर कोटबुसजवळ ब्रानिट्झला, सपाट रेताड जमिनीवर, दुसरी बाग काढावी. तळी खणली, निघालेल्या मातीचे पिरॅमिड रचले, एक तर भर तळ्यात. १८६६ मध्ये ऐंशी वर्षांचा हा योद्धा ऑस्ट्रियाविरुद्धच्या लढाईलाही गेला, आणि क्योनिगग्रेट्झच्या निर्णायक दिवशी झोपून राहिला असं म्हणतात. जेवणाचा शौक दांडगा. प्रशियाच्या दरबारच्या एका आचाऱ्यानं १८३९ मध्ये तीन थरांचं आइस्क्रीम त्याच्या नावे केलं. बाग जाऊ शकते, जहागीर जाऊ शकते, आइस्क्रीमवर जप्ती येत नाही.

शेवट आधीच ठरवून ठेवा. दहनाला परवानगी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून त्यानं लिहून ठेवलं की काळीज गंधकाम्लात विरघळवावं आणि देह चुना, पोटॅश वगैरेंत ठेवावा. फेब्रुवारी १८७१ मध्ये तसं करून त्याला तळ्यातल्या पिरॅमिडमध्ये ठेवलं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ब्रानिट्झ नात्यातल्या हाइनरिशला गेलं.

लुसी १८५४ मध्येच वारली होती आणि ब्रानिट्झच्या गावच्या दफनभूमीत होती. १८८४ मध्ये, म्हणजे घटस्फोटाला अठ्ठावन्न वर्षं झाल्यावर, तिला तिथून काढून पिरॅमिडमध्ये त्याच्याजवळ नेऊन ठेवलं. या खेपेला तिची संमती घ्यायची गरज पडली नाही.