बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचं पुस्तक

"मामी, व्हिडिओ एडिटिंग शिकायला पुस्तक कशाला लागतं? यूट्यूब आहे ना!" परवा भाचा म्हणाला. तेव्हा त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझ्याकडचं पुस्तक विंडोज मूव्ही मेकरचं आहे. इंग्रजी, रद्दीवाल्याकडून आणलेलं. ते सॉफ्टवेअर २००० साली 'विंडोज मी' (Me) या आवृत्तीसोबत आलं आणि जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केलं. मी काम करते शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर, ते फुकट मिळतं. पुस्तकातली चित्रं आणि माझा स्क्रीन यांचा काही मेळ नाही. तरी मी शिकले ती त्या पुस्तकावरूनच.

यूट्यूबवर आपण विचारू तेवढंच मिळतं. "क्लिप कशी कापायची" विचारलं की कापायचं दाखवतात. शॉटकटमध्ये एस दाबलं की क्लिपचे दोन तुकडे होतात, एक्स दाबलं की नको तो तुकडा जाऊन पुढचं सरकून येतं. पाच मिनिटांत जमतं. पण प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत घ्यायची याची फक्त नोंद असते, म्हणून क्लिपांचं फोल्डर मध्येच हलवायचं नाही, हे विचारायचं मला सुचलं तरी असतं का? पुस्तकात ते कापाकापीच्या आधी येतं. आधी सगळं एका जागी जमवा, नावं द्या, एकदा शेवटपर्यंत बघा, मग कात्री लावा. बटणं बदलली, हा क्रम बदललेला नाही. शाळेत तीस वर्षं शिकवलंय, क्रम चुकला की पोर कुठे अडतं ते मला कळतं.

आणि आवाज. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटी आठवा. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, पान उलटल्यासारखे इफेक्ट आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. माझ्या बहिणीच्या लग्नात हळदीला आजी पाऊण तास अहिराणी गाणी म्हणत होती. कॅसेटमध्ये तिचे ओठ हलतात आणि वर गाणं वाजतंय सिनेमाचं. मूळ टेप मागायला गेलो तर स्टुडिओवाल्यांनी तिच्यावर दुसरं लग्न शूट करून टाकलेलं. आजीचा गाता आवाज आज आमच्या घरात कुठेही नाही. हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून त्या पुस्तकातलं आवाजाचं प्रकरण मी चार वेळा वाचलं. चित्र बदललं तरी खालचा आवाज चालू ठेवता येतो, ही एवढीशी गोष्ट. २००६ च्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आमची एक मिनीडीव्ही टेप (व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी कॅसेट) होती, अंमळनेरच्या घरची. पुतण्याच्या जुन्या कॉम्प्युटरला फायरवायर केबल, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुन्या प्रकारची केबल, लावून उतरवली. तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो आणि फाइल होते सुमारे १३ जीबीची. मे महिन्यातली दुपार, लाईट कधी जाईल नेम नाही, मी तासभर जागची हलले नाही.

त्यात माय खापरावर मांडे टाकता टाकता गौराईचं गाणं म्हणतेय. कॅमेरा मात्र मध्येच अंगणात पळतो, कडुनिंबाच्या झोक्यावर माहेरी आलेल्या पोरी. मी मायच्या क्लिपमधला आवाज वेगळा काढला, खालच्या ट्रॅकवर, म्हणजे खालच्या वेगळ्या पट्टीवर, अखंड ठेवला आणि वर झोका लावला. आता झोका वर जातो तेव्हा मायचा आवाज चालूच असतो. हे जमलं त्या रात्री मला झोप आली नाही.

असं पुस्तक मराठीत हवं, अगदी कळकळीने सांगते. टाइमलाइन (क्लिपा ओळीने मांडायची जागा), ट्रॅक हे शब्द तसेच ठेवा, पण उदाहरणं आपल्या घरची घ्या: कानबाईचे रोट, आखाजी, बारसं. घरोघरी कपाटात टेपा पडून आहेत, त्यांना बुरशी लागतेय, आणि नव्या लॅपटॉपला फायरवायरचं भोकच नाही. फार वेळ उरलेला नाही.

तयार झालेला व्हिडिओ मायला दाखवला. चौऱ्याऐंशीची आहे, मोबाईल कानाशी धरून ऐकते. गाणं संपता संपता मागून एक बारीक आवाज ओळ उचलतो. मला तो गलका वाटला होता, म्हणून तिथेच कापलं होतं. माय एकदम म्हणाली, "हाऊ तं जिजीना आवाज शे! पुढलं काबरं कापी टाकं व?"

जिजी, म्हणजे माझी मोठी काकू, जाऊन नऊ वर्षं झाली.

टाइमलाइनवर कापलेलं मूळ फाइलमधून जात नाही, हेही पुस्तकातच वाचलेलं. परत प्रोजेक्ट उघडला, क्लिपची कड धरून उजवीकडे ओढली. जिजीची अकरा सेकंदं तिथेच होती.