मधला तेवढा सांभाळा

अमेरिकेतल्या एखाद्या लॉ स्कूलचे डीन झालात? अभिनंदन! आता कायदाबियदा बाजूला ठेवा आणि मध्यक म्हणजे काय ते समजून घ्या. एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचे गुण १२० ते १८० मध्ये मिळतात. प्रवेश घेतलेली पोरं गुणांप्रमाणे रांगेत उभी करायची आणि बरोबर मधल्याचा आकडा वाचायचा. युएस न्यूजसारखे लॉ स्कूलची क्रमवारी छापणारे तोच बघतात. शेपटाला कोण उभं आहे, हे कोणी विचारत नाही.

समजा, तुम्हाला मध्यक १६८ हवाय. टेबलावर दोन अर्ज आहेत. पहिलीने दिवसा नोकरी करून रात्री पदवी मिळवली. घर सुटायची वेळ आलेल्या भाडेकरूंसाठी कोर्टाच्या खेपा घातल्या. वाचताना तुमचाही घसा दाटला. गुण १६७. दुसऱ्याच्या निबंधात तीन परिच्छेदांत आजी दोनदा वारते. गुण १६८. डोळे पुसा आणि दुसऱ्याला शिष्यवृत्तीचं पत्र धाडा. पैसे? खालच्या अर्ध्या रांगेची पूर्ण फी आहे की! तिथे १६७ काय नि १५२ काय, मध्यक हलत नाही. मग १५२वालाच घ्या, फक्त त्याचा जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची ४ पैकी सरासरी, दणदणीत हवा. त्या मध्यकाची रांग वेगळी.

कल्पकता हवी असेल तर मिशिगन विद्यापीठाचं लॉ स्कूल बघा. २००८ मध्ये त्यांनी आपल्याच विद्यापीठातल्या किमान ३.८ जीपीए असलेल्यांसाठी योजना काढली. अट एकच: एलसॅट दिलेली नसावी! परीक्षाच नाही, तर मध्यकाला धक्का कुठून लागणार?

आकडा थेट खोडायचा मोह मात्र आवरा. इलिनॉयच्या लॉ कॉलेजने १६३ चा १६८ करून छापला. २०१२ मध्ये लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. एवढ्यात किती १६८वाले आले असते!

फारच वैताग आला तर येलसारखं रुसून बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते युएस न्यूजच्या क्रमवारीतून बाहेर पडलं, पाठोपाठ हार्वर्डही. पुढच्या यादीत परीक्षेच्या गुणांचं वजन सव्वाअकरा टक्क्यांवरून पाचवर आलं. आणि रुसलेलं येल? जाहीर आकडेवारीवरून त्यालाही यादीत बसवलं, स्टॅनफर्डसोबत पहिलं.

राहिली ती १६७वाली. तिला प्रतीक्षायादीत टाका. पत्रात लिहा की तुमच्या अनुभवाने समिती भारावून गेली आहे, तेव्हा परीक्षा पुन्हा द्या. २००६ पासून सर्वांत जास्त गुणच धरतात, एक वाढला तरी पुरे. निबंध नव्याने लिहायची गरज नाही.