बॉस, आता बस कर!

काय सांगू राजेहो, दिवसभर ऑफिस, मग नागपूरच्या बर्डीवरची गर्दी, पोरांचा अभ्यास, आणि रात्री कुठे कूलरसमोर व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घेऊन बसावं तर समोर तोच बॉस, म्हणजे गेममधला सगळ्यात तगडा राक्षस. दोन फटक्यांत आपण आडवे. बरं, मेलो तर मेलो. पण पुन्हा त्याच्यापर्यंत पळत जा, तेच पहारेकरी चुकवा, तीच लिफ्ट, तोच दरवाजा! ही कसली मजा बाप्पा? नुसती हमाली!

लहानपणी 'कॉन्ट्रा' गेममध्ये वर-वर-खाली-खाली अशी बटणं दाबून 30 जीव मिळायचे, तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. आता 'ईझी मोड द्या', म्हणजे गेम थोडा सोपा करायची सोय द्या, म्हटलं की विशीतली पोरं 'गिट गुड' (आधी नीट खेळायला शीक) म्हणत अक्कल शिकवतात. अरे, तुमच्याकडे अख्खी दुपार पडली आहे! 2018 च्या 'सेलेस्ट' गेममध्ये मदतीचा असिस्ट मोड आहेच की. वेग कमी करा, स्टॅमिना अमर्याद ठेवा, हवं तर मरूच नका. तरी तो गेम कठीणच म्हणून ओळखला जातो. मग बाकीच्या गेमवाल्यांना काहून जड जाते?

आणि या बॉसवाल्या गेममध्ये पॉझ, म्हणजे खेळ मधेच थांबवायची सोय, का नसते हो? तिकडे दूध उतू जाऊन राहिलं, बायको हाका मारून राहिली, अन् मेन्यू उघडला तरी तो राक्षस आपला मारूनच राहिला!