सीमा पुसल्याने हवाई मार्ग सरळ होत नाहीत

मुंबईतल्या अनेक व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. प्रत्येक देश आपले आकाश अडवून बसल्यामुळे विमानांना वळसे पडतात. सगळे आकाश एकाच संगणकीय यंत्रणेच्या हाती दिले, तर विमाने सरळ उडतील आणि मुंबईवरच्या घिरट्याही थांबतील, असे त्यात म्हटले आहे. वळशांत इंधन वाया जाते हे खरे आहे आणि ते वाचावे असे मलाही मनापासून वाटते. पण मजकुरातले निदान चुकले आहे.

सीमांपासून सुरुवात करू. १९४४च्या शिकागो करारानुसार आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचे पूर्ण सार्वभौमत्व असते. मात्र विमानांना मार्गदर्शन कोणी करायचे, याची वाटणी ‘एफआयआर’ म्हणजे उड्डाण माहिती क्षेत्रांनुसार होते, आणि त्यांच्या कडा देशांच्या सीमांवरूनच जातात असे नाही. मुंबईचे क्षेत्र अरबी समुद्रावर दूरवर पसरले असून कराची, मस्कत आणि माले यांची क्षेत्रे त्याला भिडतात. तो खुला समुद्र भारताच्या मालकीचा नाही, तरी तिथल्या विमानांची जबाबदारी मुंबईच्या नियंत्रकांची आहे. किनाऱ्यावरचे रडार पोहोचत नाही तिथे विमान कोणत्या बिंदूवर, किती वाजता आणि किती उंचीवर हद्द ओलांडेल, हे मुंबईचा कक्ष पुढच्या कक्षाला आगाऊ कळवतो.

वळशांचे एक मोठे कारण तर देशाच्या आतच आहे. भारताचे केवळ ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येते, असे मे २०२०मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. लष्करी सराव नसेल तेव्हा राखीव भागातून वाट देण्यासाठी कोणतीही सीमा पुसावी लागत नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तो मात्र राजकीय निर्णय होता. तो संगणकाने फिरवता येत नाही.

एकहाती नियंत्रणाचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांचे वरच्या थरातले आकाश मास्ट्रिख्टचे एकच केंद्र सांभाळते, आणि ते उत्तम चालते, कारण त्यामागे त्या देशांचे रीतसर करार आहेत. करार नसेल तर काय होते, ते १ जुलै २००२च्या रात्री दिसले. दक्षिण जर्मनीतल्या उबरलिंगेनवर दोन विमाने आदळून ७१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. आकाश जर्मनीचे होते आणि नियंत्रण झुरिचमधून चालू होते. तिथे एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता आणि देखभालीसाठी मुख्य दूरध्वनी यंत्रणा बंद होती. कार्ल्सरूहेच्या जर्मन नियंत्रकांना धोक्याचा इशारा दिसला, त्यांनी झुरिचला फोन लावून पाहिला, पण तो लागलाच नाही. हे काम स्वित्झर्लंडकडे सोपवणारा वैध करारच नव्हता, म्हणून २००६मध्ये कोन्स्टान्झच्या न्यायालयाने जर्मन सरकारला उत्तरदायी ठरवले. सीमेपलीकडून नियंत्रण चालणार असेल, तर अपघाताची जबाबदारी कोणाची, हे रेषा आखण्यापूर्वी कागदावर ठरलेले असावे लागते.

राहता राहिल्या मुंबईवरच्या घिरट्या. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. फेब्रुवारी २०२४मध्ये गर्दीच्या तासांतली विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ वर आणावी लागली, तीही विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे ताटकळावे लागत होते म्हणून. लंडनहून सरळ मार्गाने निघालेले विमान गर्दीच्या तासात दहा मिनिटे आधी पोहोचले, तरी ती दहा मिनिटे बहुधा याच रांगेत जातील.